निसटणारी ऊर्जा आणि शेजाऱ्याची साथ

गेल्या महिन्यात कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका भगिनीचे पत्र आले. सलाम-दुआ झाल्यावर त्या लिहितात : धाकटा मुलगा भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाला. आता त्याला क्वांटम कंप्युटरच्या कामात शिरायचे आहे. घरातल्यांचे म्हणणे, त्याने चाचांकडे कुवेतला जावे, चार पैसे कमवावेत. एके रात्री दस्तरख्वानवर मुलाने सांगून टाकले की, या कंप्युटरमधली माहिती बहुतेक वेळा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकीही टिकत नाही, आणि ती का निसटते, हेच आपल्याला शिकायचे आहे. त्यावर त्याचे अब्बा म्हणाले, "जी चीज पापणी लवायच्या आत विझते, तिच्यामागे उमर घालवायची?"

आपांनी आम्हाला तीन गोष्टी विचारल्या आहेत. ऊर्जा निसटते म्हणजे नेमके काय होते? ते थांबवता येते का? आणि हे शिकण्यासारखे आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही या पानावर देतो. तिसऱ्याचा फैसला घरातच व्हायचा आहे. पण तो पूर्ण माहितीनिशी व्हावा, एवढीच आमची इच्छा.

दोन पायऱ्यांची वस्तू

साध्या कंप्युटरमध्ये माहितीचा सगळ्यांत लहान तुकडा म्हणजे बिट. तो शून्य असतो किंवा एक. क्वांटम कंप्युटरमधल्या अशा तुकड्याला क्युबिट म्हणतात. दोन पायऱ्यांचा जिना डोळ्यांसमोर आणा. खालची पायरी म्हणजे शून्य, वरची म्हणजे एक. फरक इतकाच की क्युबिट खालच्या आणि वरच्या पायरीच्या मिश्र अवस्थेतही राहू शकतो. त्याची सगळी ताकद या मिश्रणात आहे.

क्युबिट अनेक प्रकारांनी बनवतात. आज आपण बोलतो आहोत तो अतिसंवाहक क्युबिट, म्हणजे सिलिकॉन किंवा नीलमणीच्या चकतीवर अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूचा पातळ थर देऊन बनवलेले छोटे विद्युतमंडल. त्यातल्या एका प्रकाराचे नाव ट्रान्समॉन. एवढ्या मोठ्या, हाताने घडवलेल्या मंडलाची ऊर्जासुद्धा अणूसारखी पायऱ्यापायऱ्यांनीच बदलते, हे १९८४-८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली इथे प्रयोगांनी दाखवून दिले गेले. त्या कामाबद्दल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन पायऱ्यांमधले अंतर फार थोडे असते. क्युबिट वरून खाली आला की त्या अंतराएवढी ऊर्जा एका फोटॉनच्या, म्हणजे लहरींच्या एका अखंड घासाच्या रूपाने बाहेर पडते. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या असतात पाच गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सूक्ष्मलहरी. घरातल्या वाय-फायचा एक पट्टाही साधारण इथेच असतो. ऊर्जा इतकी कमी की खोलीतली ऊबच क्युबिटला वर-खाली ढकलत राहील. म्हणून त्याला एका खास शीतयंत्रात ठेवतात. तिथले तापमान उणे २७३.१५ अंश सेल्सिअस या शेवटच्या तळापेक्षा जेमतेम अंशाच्या शंभराव्या भागाने वर असते.

म्हातारा न होणारा क्युबिट

वरच्या पायरीवर असलेल्या क्युबिटला 'उत्तेजित' म्हणतात. तो तिथे कायम राहत नाही. कोणी हात लावला नाही, तरी कधीतरी खाली येतोच. कधी येईल, हे मात्र सांगता येत नाही. सांगता येते ती फक्त शक्यता.

समजा, एका क्युबिटची टिकण्याची मुदत १०० मायक्रोसेकंद आहे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. प्रयोग १०० वेळा केला, तर १०० मायक्रोसेकंदांनंतर सुमारे ३७ वेळा तो अजून वरच सापडेल. २०० नंतर १३-१४ वेळा, ३०० नंतर सुमारे ५ वेळा. प्रत्येक टप्प्याला उरलेल्यांतले तेवढेच प्रमाण गळते. यात एक मौज आहे. जो क्युबिट २०० मायक्रोसेकंद वर टिकला, त्याची पुढे टिकण्याची शक्यता नुकत्याच वर चढवलेल्या क्युबिटएवढीच असते. तो थकत नाही, म्हातारा होत नाही. आपल्या वयाची त्याला खबरच नसते.

मुलाच्या अब्बांना वाटते, एवढ्या वेळात काय होणार? पण क्युबिटवरची एक क्रिया काही दशक नॅनोसेकंदांत होते. नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग. एका क्रियेला ५० नॅनोसेकंद धरले, तर १०० मायक्रोसेकंदांत २००० क्रिया बसतात. १९९९ साली जपानमध्ये असा पहिला क्युबिट चालवून दाखवला, तेव्हा त्याची क्वांटम अवस्था काही नॅनोसेकंदच टिकली होती. आज चांगले क्युबिट शेकडो मायक्रोसेकंद टिकतात, आणि काही प्रयोगशाळांनी एक मिलिसेकंदाची हदही ओलांडली आहे. म्हणजे पाव शतकात लाखपटीच्या आसपास सुधारणा झाली. पण मोठ्या हिशोबांना अब्जावधी क्रिया लागतात, त्यापुढे हेही अपुरेच आहे. खरी अडचण ही आहे.

मग क्युबिट खाली येतो तरी का? पूर्वी समजूत अशी की, हा त्या अणूचाच अंगभूत गुण. त्याचा काही इलाज नाही. १९४६ मध्ये एडवर्ड परसेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने जेमतेम एका परिच्छेदाच्या टिपणात वेगळी गोष्ट मांडली : ऊर्जा किती वेगाने सुटेल, हे भोवतालावरही अवलंबून असते. फोटॉनला बाहेर पडायला वाटा जितक्या मोकळ्या, तितकी ऊर्जा लवकर सुटते. वाटा बंद केल्या, तर ती अडून राहते. बंद धातूच्या कप्प्यात नीट सांभाळलेला क्युबिट १०० मायक्रोसेकंद टिकतो. तशाच घडणीचा क्युबिट मोकळ्या लहरवाटेला घट्ट जोडला, तर त्याची ऊर्जा दहा-वीस नॅनोसेकंदांत निघून जाते. क्युबिट बदलला नाही, त्याचे शेजार बदलले.

लहरींची नळी

या लहरवाटेला वेव्हगाइड म्हणतात. जुना प्रकार म्हणजे धातूची पोकळ, चौकोनी नळी. रडारमध्ये ती असते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरींवर प्रयोग केले, तेव्हाही त्यांनी अशा पोकळ नळ्या वापरल्या होत्या. नव्या प्रकारात नळीऐवजी चकतीवरच धातूची अरुंद पट्टी काढतात. लहर तिच्या कडेने धावते.

वेव्हगाइडचे महत्त्व समजायला आपांच्या वाडीतला पाट पुरेसा आहे. तळ्याच्या मधोमध खडा टाकला, तर तरंग चहूकडे पसरतात आणि काठाला पोहोचेपर्यंत मंद होतात. तोच खडा माडा-पोफळीच्या बागेतल्या अरुंद पाटात टाकला, तर तरंगाला दोनच दिशा मिळतात, वर किंवा खाली. तो पसरत नाही, म्हणून दूरवर जोमाने जातो. मोकळ्या जागेत दोन अणूंना एकमेकांची चाहूल लागायची, तर त्यांना फार जवळ असावे लागते. वेव्हगाइडमध्ये मात्र दोन-दोन सेंटीमीटर दूर असलेले क्युबिटसुद्धा एकमेकांना जाणवतात. आकाराच्या मानाने हे अंतर मोठे आहे.

पोकळ नळीची आणखी एक खोड आहे. ती ठरावीक लांबीपेक्षा लांब लहरींना आत घेत नाही. नळीची रुंदी लहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी असली, की लहर पुढे सरकत नाही. पाच गिगाहर्ट्झची लहर सहा सेंटीमीटर लांब असते. तिला तीन सेंटीमीटरहून रुंद नळी हवी. नळी त्याहून अरुंद असेल, तर क्युबिटचा फोटॉन तिच्यातून वाहून जाऊ शकत नाही आणि ऊर्जा क्युबिटच्या आसपासच अडून राहते. ऊर्जा थांबवण्याचा हा एक उपाय. दुसरा उपाय जास्त नवलाचा आहे, कारण त्यात वाट उघडीच ठेवायची असते.

दोघे मिळून

१९५४ मध्ये प्रिन्स्टनचे रॉबर्ट डिकी यांनी प्रश्न विचारला : दोन सारखे अणू शेजारी असतील, तर दोघे आपापली ऊर्जा स्वतंत्रपणे सोडतील का? त्यांचे उत्तर होते, नाही.

पुन्हा पाटाकडे या. पाटात दोन ठिकाणी दोन मुले उभी आहेत आणि हाताने पाणी हलवत आहेत. दोघांमधले अंतर बरोबर एका तरंगाएवढे आहे. दोघांनी एकाच तालात हात हलवला, तर एकाच्या उंचवट्यावर दुसऱ्याचा उंचवटा बसतो आणि पाटात मोठी लाट निघते. एकाचा हात वर जाताना दुसऱ्याचा खाली गेला, म्हणजे ताल बरोबर उलटा ठेवला, तर एकाच्या उंचवट्यावर दुसऱ्याचा खळगा येतो. दोघांच्या मधले पाणी हलत राहते, पण त्यांच्या पलीकडे, पाटाच्या दोन्ही बाजूंना पाणी शांत!

क्युबिटांचे असेच होते. दोन क्युबिटांमध्ये मिळून ऊर्जेचा एकच घास आहे आणि तो दोघांचा सामायिक आहे, असे समजा. सामायिकपणा एकाच तालातला असेल, तर ऊर्जा एकट्या क्युबिटच्या दुप्पट वेगाने सुटते. ही उजळ अवस्था. ताल उलटा असेल, तर ऊर्जा नळीत सुटतच नाही. ही अंधारी अवस्था. नळी उघडी आहे, दोन्ही क्युबिट तिला जोडलेले आहेत, तरी फोटॉन बाहेर येत नाही. उजळ अवस्थेतल्या जलद उत्सर्जनाला सुपररेडियन्स आणि उलट प्रकाराला सबरेडियन्स म्हणतात.

पाटाचा दाखला इथवरच पुरतो. पाटात दोन मुले आपापल्या बळाने पाणी हलवतात. इथे ऊर्जेचा घास एकच आहे, आणि तो पहिल्याकडे की दुसऱ्याकडे, हे ठरलेलेच नाही. ते ठरवायला गेलात, तर ताल मोडतो.

यातून एक चमत्कारिक निकाल निघतो. समजा, दोघांतल्या एकालाच वर चढवले आणि शेजारी खालीच आहे. ही अवस्था निम्मी उजळ, निम्मी अंधारी असते. त्यामुळे प्रयोग १०० वेळा केला, तर साधारण ५० वेळा फोटॉन झटकन बाहेर पडेल. उरलेल्या ५० वेळा, दुसरी कुठली गळती नसेल तर, तो बाहेर पडणारच नाही. ऊर्जा दोघांत अडकून राहील. शेजाऱ्याने काहीच केले नाही. तो फक्त तिथे होता.

सगळा खेळ अंतराचा आहे. अंतर निम्म्या लहरीचे केले, तर भूमिका पालटतात : एकाच तालाची अवस्था अंधारी होते आणि उलट तालाची उजळ. अंतर पाव लहरीचे केले, तर ना उजळ ना अंधारी. तेव्हा दोघे नळीतून ऊर्जा एकमेकांना देत-घेत राहतात, आणि ती नळीतून गळतही राहते, एकट्याच्याच वेगाने.

क्युबिट वाढले की फरकही वाढतो. एकेका लहरीच्या अंतरावर दहा क्युबिट ठेवले आणि त्यांच्यात एकच घास वाटला, तर एक अवस्था अशी असते की ती दहापट वेगाने रिकामी होते. बाकीच्या नऊ अवस्था अंधाऱ्या असतात.

कागदावरून प्रयोगशाळेत

डिकी यांचे गणित पडताळायला वेळ लागला. १९७३ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी वायूतल्या असंख्य रेणूंचे एकत्रित, झपाट्याचे उत्सर्जन पाहिले. अगदी दोनच कणांवरची कसोटी १९९६ मध्ये झाली. आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत बेरियमचे दोन आयन शेजारी-शेजारी धरून ठेवले आणि अंतर बदलले तसा त्यांच्या उत्सर्जनाचा वेग थोडा वाढताना, थोडा घटताना दिसला. दोन आयनांची लहर मोकळ्या जागेत पसरत होती, म्हणून फरक थोडाच होता.

वेव्हगाइडमध्ये तो ठळक झाला. २०१३ मध्ये झुरिचच्या ईटीएच संस्थेत एका चकतीवर दोन ट्रान्समॉन ठेवले. मध्ये दोन सेंटीमीटरहून थोडे कमी अंतर. चकतीवरचे अंतर बदलता येत नाही. मग त्यांनी क्युबिटांचा सूरच बदलला. एका सुरावर तेच अंतर पूर्ण लहरीएवढे झाले आणि उजळ व अंधाऱ्या अवस्था दिसल्या. सूर खाली आणला, लहर लांब झाली, तेव्हा तेच अंतर पाऊण लहरीएवढे झाले आणि ऊर्जेची देवघेव दिसली.

२०२० मध्ये एमआयटीत एकच क्युबिट वेव्हगाइडला एकाहून अधिक ठिकाणी जोडून पाहिला. त्याच्या एका टोकाची लहर दुसऱ्या टोकाच्या लहरीला मारते आणि ठरावीक सुरावर ऊर्जा सुटत नाही. इथे तो स्वतःच स्वतःचा शेजारी झाला.

अंधाऱ्या अवस्थेत एक पेच आहे. जो दरवाजा आतल्याला बाहेर जाऊ देत नाही, तो बाहेरच्यालाही आत येऊ देत नाही. ऊर्जा सुरक्षित आहे खरी, पण नळीतून इशारा पाठवला, तर तो तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिजोरी भक्कम आणि किल्लीच नाही, अशी गत. २०२२ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथल्या गटाने यातून मार्ग काढला. त्यांनी चार ट्रान्समॉन घेतले आणि नळीतून न जाता, बाजूने वेगवेगळ्या तालाचे इशारे देऊन अंधारी अवस्था हवी तेव्हा तयार केली, हवी तशी वळवली. ती अवस्था नळीला जोडलेल्या एकट्या क्युबिटपेक्षा शंभरपटीहून जास्त वेळ टिकली.

ती कायमची टिकली नाही, हेही सांगायला हवे. अंधार टिकतो तो ताल टिकेपर्यंत. एका क्युबिटचा सूर जरा ढळला, की उलटा ताल बिघडतो आणि दार किलकिले होते. शिवाय ऊर्जा नळीतूनच जाते असे नाही. धातूच्या पृष्ठभागावरच्या, चकतीतल्या बारीक दोषांतूनही ती गळते. त्या गळतीला शेजाऱ्याची साथ रोखू शकत नाही. तिथे माल स्वच्छ हवा, हात कसबी हवा.

आणि गळती नेहमी नकोच असते, असेही नाही. एका चकतीवरची माहिती दुसरीकडे पाठवायची, तर फोटॉन बाहेर निघालाच पाहिजे, आणि वेळेवर निघाला पाहिजे. २०२३ मध्ये एमआयटीच्या गटाने दोन क्युबिटांच्या तालाचा उपयोग करून फोटॉन हवा तर डावीकडे, हवा तर उजवीकडे सोडून दाखवला. एका बाजूला लहरी एकमेकींना मारतात, दुसऱ्या बाजूला जोर देतात. तेव्हा शिकायचे आहे ते दार उघडणे आणि लावणे, दोन्ही.

आपांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे

आता आपांच्या मुलाविषयी. तो दस्तरख्वानवर म्हणाला, ते खरे आहे. ऊर्जा का निसटते, हा या क्षेत्रातला किरकोळ प्रश्न नाही. मोठा क्वांटम कंप्युटर अजून उभा राहिलेला नाही, त्याच्या मुख्य कारणांपैकी हे एक आहे. आणि त्याच्या अब्बांची शंकाही खोटी नाही. हे काम सावकाश चालते. हातात पगार पडायला वर्षे लागतात, आणि फळ कधी मिळेल, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पण हे काम फक्त झुरिच आणि अमेरिकेत चालते, असे नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या आठ वर्षांसाठी ६००३.६५ कोटी रुपये ठरवले आहेत. अतिसंवाहक क्युबिटांचे काम मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या संस्थेने, पुण्यातल्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने आणि टीसीएसने मिळून सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. आपांच्या गावापासून कुलाबा कुवेतपेक्षा खूप जवळ आहे.

यात सगळे गणितीच लागतात, असेही नाही. शीतयंत्र चालवणारे, धातूच्या नळ्या बारीक मापात कातणारे, सूक्ष्मलहरींची जुळणी करणारे, इशारे पाठवणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिणारे, असे कितीतरी हात लागतात. यातली बरीच हुन्नर बाहेरच्या कारखान्यांतही कामाला येते. मुलाने आधी तरंगांचे गणित आणि मॅट्रिक्सचे गणित पक्के करावे, आणि एखाद्या संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने काम करण्यासाठी अर्ज करावा. दोन महिन्यांत त्यालाही कळेल आणि घरालाही.

आणि आपा, एक करा. पुढच्या शिपणाच्या दिवशी बापलेकाला पाटावर घेऊन जा. दोघांना थोड्या अंतरावर उभे करा आणि हाताने पाणी हलवायला सांगा. आधी एकाच तालात, मग उलट्या तालात, आणि अंतर थोडे पुढेमागे करत पाहा. पाणी दोघांच्या पलीकडे अगदी पूर्ण शांत होणार नाही, कारण हाताचा ताल इतका नेमका कोणालाच साधत नाही. किती चुकतो, ते अब्बांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. त्यांच्या मुलाला आयुष्यभर जे दुरुस्त करायचे आहे, ते एवढेच आहे. निर्णय काय झाला, ते आम्हाला जरूर कळवा.